फड्या निवडुंगाची ओळखपरेड

फड्या निवडुंगाला पानं नसतात, हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. ते पुरतं खरं नाही. जुन्या फड्याच्या कडेवर नवा फडा फुटून जेमतेम बोटभर झाला की त्याच्याकडे नीट पाहावं. त्याच्या अंगावर तिरप्या ओळींत लहानलहान हिरवी शिंगं उभी असतात. मांसल, टोकाला निमुळती, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. ही त्याची पानं. फडा रुंद व्हायला लागला की काही आठवड्यांत ती पिवळी पडून गळून जातात आणि मग वर्षानुवर्षं त्यांची आठवणही कुणाला राहत नाही. ज्याला आपण पान म्हणून बोट दाखवतो तो चपटा हिरवा फडा म्हणजे खोड. आणि काटे? ते पानांचंच रूप बदललेलं.

म्हणजे ओळख करून घ्यायला जावं तर पहिल्याच पायरीवर खोडाला पान आणि पानाला काटा समजण्याची वेळ. या झाडाचा हा स्वभावच आहे. जे डोळ्यांत भरतं ते फसवतं आणि जे खरं सांगतं ते भिंगाखाली धरावं लागतं. फड्या निवडुंग ज्या ओपन्शिया प्रजातीतला, तीत आज दीडशे ते दोनशे जाती मानतात. या आकड्यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि का नाही ते पुढे कळेलच.

आधी घरचा घोळ निस्तरू. मराठीत ‘निवडुंग’ म्हटलं की दोन अगदी वेगळी घराणी एका नावाखाली येतात. कोकणात बांधावर असतो तो त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला. त्याला जरा खरचटलं की पांढराशुभ्र चीक वाहतो, आणि तो डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. फड्या निवडुंग कापला तर पाणचट, बुळबुळीत रस निघतो, दुधासारखा चीक निघत नाही. एवढ्या एका खुणेवर पहिली वाटणी होते. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली अशी कथा सांगतात. ती जाळी फड्याची की त्रिधाऱ्याची, हे ते नाव काही सांगत नाही. आपल्याकडच्या जुन्या लिखाणात नुसता ‘निवडुंग’ भेटला तर घाई करू नये, इतकंच. फड्या निवडुंग कॅक्टसच्या कुळातला, आणि ते सगळं कुळ मूळचं अमेरिका खंडांतलं. एक ऱ्हिप्सॅलिस तेवढा आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत आपणहून पोचलेला, बाकी सगळे आले ते माणसाबरोबर जहाजातून.

आता भिंग काढू. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं साधं भिंग पुरतं. फड्यावर ठरावीक अंतराने जे करडे-तपकिरी ठिपके दिसतात, त्यांना एरिओल म्हणतात. पानाच्या बेचक्यात असतो तसा तो एक डोळा, म्हणजे कोंब. दुसऱ्या झाडात त्या कोंबाची फांदी झाली असती. इथे तो फुटायचा थांबून राहिला आहे आणि थांबल्या जागी त्याने काटे उगवले आहेत. भिंगाखाली हा ठिपका म्हणजे लोकरीची गादी दिसते. गादीच्या खालच्या बाजूने एखाद-दोन किंवा चार-पाच मोठे काटे निघालेले. वरच्या अर्ध्या भागात चंद्रकोरीच्या आकारात दाटीवाटीने उभी असतात ती कुसळं, दोन-चार मिलिमीटर लांबीची आणि केसाहून बारीक. कोवळ्या फड्यावर याच गादीतून कधी मधाचा चिमुकला थेंब बाहेर येतो आणि मुंग्या त्याच्यासाठी फेऱ्या घालताना दिसतात. मुंग्या राबता ठेवतात, म्हणजे कोवळ्या फड्यावर कुरतडणाऱ्या किड्यांना फावत नाही.

ही कुसळं ओपन्शियाच्या उपकुळाची सही आहे. इतर कॅक्टसांना काटे असतात, कुसळं नसतात. प्रत्येक कुसळावर उलट्या दिशेने वळलेल्या दातऱ्या असतात आणि बुडाशी ते इतकं सैल बसवलेलं असतं की नुसता हात लागला तरी सुटून येतं. मोठा काटा टोचतो, दुखतो आणि उपटून फेकता येतो. कुसळ टोचलेलं कळतही नाही, संध्याकाळी खाज सुटते तेव्हा कळतं. म्हणून गुराखी पोरं बोंड काठीने पाडतात आणि मातीत चांगलं घोळसून, पाल्याने पुसून मगच तोंडात घालतात. बोंडाला मोठे काटे नसले तरी कुसळं असतातच, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक असतं.

एरिओल मोजायचेही असतात, आणि ही मला या साऱ्या शास्त्रातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. ठिपके फड्यावर वाटेल तसे विखुरलेले नसतात. खोडावर पानं ज्या नागमोडी फेऱ्यात लागतात त्याच फेऱ्यात ते लागलेले असतात, फक्त खोड चपटं झाल्यामुळे तो फेरा तिरप्या ओळींसारखा दिसतो. फड्याच्या मध्यावरून जाणारी एक तिरपी ओळ धरायची आणि तीत किती एरिओल येतात ते मोजायचं. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिकोशात जातीच्या वर्णनात हा आकडा आवर्जून दिलेला असतो. फडा मोठा असो वा लहान, ही संख्या त्या मानाने फारशी हलत नाही.

काट्यांचं तसं नाही. काट्यावर विसंबून जात ठरवणारा हमखास फसतो. एकाच झाडाच्या उन्हातल्या बाजूला काटे लांब आणि सावलीतल्या बाजूला तोकडे. कोवळ्या फड्यावर दोन, तर बुंध्याजवळच्या जुन्या फड्यावर त्याच ठिपक्यात दहा, कारण काही जातींत एरिओल वर्षामागून वर्षं नवे काटे काढत राहतो. रंगही वयाबरोबर राखाडी पडतो. सगळ्यात मोठं उदाहरण ओपन्शिया फायकस-इंडिका या जातीचं. ही मेक्सिकोत माणसाने माणसाळवलेली, मोठ्या फळांची, बहुधा बिनकाट्याची जात. नावात ‘इंडिका’ असलं तरी हिंदुस्थानशी तिचा संबंध नाही, तो इंडिज म्हणजे अमेरिकेचा. तिच्या बिनकाट्याच्या झाडाचं बी पेरलं तर उगवणाऱ्या रोपांत काटेरी रोपं निघतात. आई बिनकाट्याची, लेक काटेरी, जात मात्र एकच. ल्यूथर बरबँक या अमेरिकन बागवानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनकाट्याचा निवडुंग गुरांच्या चाऱ्यासाठी मोठा गाजावाजा करून विकला. वाळवंट हिरवं होईल, असं ते स्वप्न होतं. गुरांना तो इतका आवडला की कुंपणाशिवाय तो टिकेना. काटे कशासाठी असतात, ते असं उलट बाजूने कळलं.

म्हणून काट्यात काय पाहायचं, तर संख्या आणि लांबी नंतर, आधी घडण. काटा गोल आहे की चपटा, सरळ की वाकडा, कोवळेपणी त्याचा रंग कोणता. भारतात माळावर, गावकुसाला आणि किनाऱ्याला जे फडे दिसतात त्यांतल्या तीन जाती एवढ्यावर पुष्कळशा वेगळ्या होतात. दख्खनच्या कोरड्या माळावर आणि कच्छ-सौराष्ट्रात भेटतो तो बहुतेकदा ओपन्शिया एलेटिअर. याचा काटा गोल, सुईसारखा आणि तपकिरी. सौराष्ट्रात त्याच्या बोंडांना फिंडला म्हणतात आणि त्यांचं गडद लाल सरबत बाटल्यांत भरून विकतात. दुसरा ओपन्शिया डिलेनाय. याचा काटा पिवळा, चपटा आणि बऱ्याचदा किंचित वाकलेला. फड्याची कडही थोडी लाटेसारखी. तिसरा ओपन्शिया मोनॅकॅन्था. हा वाढला की झाडासारखा बुंधा धरतो, त्याचे फडे पातळ, तुकतुकीत हिरवे आणि बुडाशी निमुळते, आणि फड्यावरच्या एरिओलमधून बहुधा एक किंवा दोनच काटे. बुंध्यावर मात्र झुबके. पहिले दोन लांबून इतके सारखे दिसतात की भल्याभल्यांनी त्यांची अदलाबदल केली आहे.

शंका उरली तर फूल लागेपर्यंत थांबावं. एलेटिअरचं फूल पिवळं, त्यावर लालसर-नारिंगी झाक, आत पुंकेसरांचे तंतू गुलाबी ते लाल, आणि मधोमध कुक्षीची पाचएक टोकं चक्क हिरवीगार. डिलेनायचं फूल लिंबासारखं पिवळं, तंतू हिरवट-पिवळे आणि कुक्षी पांढरट. पाकळ्यांचा रंग विचारात घ्यायचा तर घड्याळही पाहावं लागतं. अनेक जातींत सकाळी पिवळं उमललेलं फूल कोमेजताना नारिंगी होतं, आणि दोन वेळा काढलेल्या दोन फोटोंवरून दोन जाती झाल्याचं माझ्या पाहण्यात आहे. कुक्षीचा रंग असा दगा देत नाही.

फुलाजवळ आहात तर एक गंमत करून पाहा. गवताची काडी घेऊन पुंकेसरांना हलकेच डिवचा. शेकडो पुंकेसर एकदम हलतात आणि छत्री मिटावी तसे मधल्या कुक्षीवृन्ताभोवती गोळा होतात. पुंकेसर हलताना डोळ्यांनी दिसतात, लाजाळूसारखे. मधमाशी आत शिरते तेव्हा हेच घडतं आणि तिला त्या दाटीतून अंग घासत खाली उतरावं लागतं. बागेत लावतात तो बिनकाट्याचा कोचेनिलिफेरा याच्या नेमका उलट. त्याच्या लाल पाकळ्या कधी उघडतच नाहीत, केसर तेवढे लांब बाहेर डोकावतात. ती सोय मूळ देशात गुंजन पक्ष्यांसाठी असते. या एका फुलामुळे त्याला कित्येक वर्षं ‘नोपालिया’ अशी वेगळी प्रजाती मिळाली होती. आता तो परत ओपन्शियात आला आहे.

बोंडाची गोष्ट तर पानाच्या गोष्टीहून चमत्कारिक. बोंडावर एरिओल असतात, कुसळं असतात, कोवळेपणी पानंही असतात. फळाला पानं? त्याचं कारण असं की या झाडात अंडाशय खोडाच्या टोकात रुतलेलं असतं. आपण बोंडाची साल म्हणून जी सोलतो, ती खोडच आहे आणि आतला गर तेवढा फळ. म्हणूनच अनेक जातींचं कोवळं बोंड मातीत खोचलं तर ते सडण्याऐवजी मुळं धरतं आणि त्याला फडा फुटतो. मोनॅकॅन्थाच्या बोंडांना तर झाडावर असतानाच नवी बोंडं फुटतात. ओळख पटवताना बोंडाचा माथा पाहायचा, तो सपाट आहे की बेंबीसारखा खोल. आतला गर लाल की हिरवट, तेही पाहायचं. तो लाल रंग जांभळाच्या रंगद्रव्याचा नसून बिटाच्या जातीचा असतो. कॅक्टस आणि बीट वनस्पतींच्या वंशावळीत एकाच गणातले. मग बिया. प्रत्येक बी एका हाडासारख्या टणक कवचात असते आणि तिला कडेने एक किनार असते. एलेटिअरची बी चारएक मिलिमीटरची, किनार अगदी अरुंद. चांगला अभ्यासक बोंड खाताना बिया थुंकत नाही, मोजपट्टीवर ठेवतो.

इतकी साधनं असताना घोळ कशाचा, असं वाटेल. एक कारण अगदी व्यवहारी आहे. वनस्पतिशास्त्र उभं राहिलं वाळवून, दाबून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवर. फडा दाबायला घेतला तर तो वाळत नाही. कागदांच्या थप्पीत महिनोन्महिने जिवंत राहतो, कधीकधी तिथेच कोंब काढतो किंवा सडून बाकीचे नमुने खराब करतो. शिवाय काटे आणि कुसळं. मोहिमेवर निघालेले संग्राहक त्याला वळसा घालून जात. जे नमुने आले त्यांत बऱ्याचदा एक वाळका तुकडा, ना फूल ना बोंड. लिनियसने 1753 साली ओळखीचे सगळे कॅक्टस ‘कॅक्टस’ या एकाच प्रजातीत कोंबले होते. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने ओपन्शिया वेगळी काढली. नथॅनिएल ब्रिटन आणि जोसेफ रोझ या अमेरिकन जोडीने 1919 ते 1923 या काळात ‘द कॅक्टेसी’चे चार खंड काढले, तेव्हा कुठे घर जरा आवरलं गेलं. त्यासाठी मेरी ईटनने काढलेली चित्रं आजही नमुन्याइतकीच उपयोगी पडतात, कारण वाळलेल्या कागदावर नसलेला कुक्षीचा रंग त्यांत आहे.

दुसरं कारण झाडातच आहे. या जातींचा आपसात संकर सहज होतो. गुणसूत्रांचा मूळ संच 11 चा. साध्या जातींत असे दोन संच, म्हणजे 22. काहींत चार, काहींत सहा, आणि फायकस-इंडिकात आठ संच, म्हणजे 88. दोन जातींचा संकर झाला, संच दुप्पट झाले आणि त्यातून स्वतःच्या पायावर उभी राहणारी तिसरी जात निघाली, असं या प्रजातीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलं आहे. डीएनए पाहून वंशावळ मांडणाऱ्यांना फांद्या पुन्हा एकमेकींत शिरताना दिसतात. अशा घरात कुठे एक जात संपते आणि दुसरी सुरू होते यावर वाद होणारच. त्यात प्रत्येक तुटलेला फडा मुळं धरतो, म्हणजे एखादा चुकून झालेला संकरही बियांशिवाय मैलोगणती पसरू शकतो.

आणि तरीही या जातींमध्ये खरे, कठोर फरक आहेत. ते माणसाला पटवून दिले एका किड्याने.

मेक्सिकोत ओपन्शियावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून गर्द किरमिजी रंग मिळे. त्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीला ती खुपत होती. 1795 साली कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलमधून कोचिनील किडे कलकत्त्याला आणले. पण तो खरा मेक्सिकन किडा नव्हता, त्याचा हलक्या रंगाचा रानटी भाऊबंद होता, ज्याला आज डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात. म्हणजे इथे किड्याचीच ओळख चुकली. रंगाचा धंदा काही बसला नाही. किडा मात्र बसला, आणि उत्तर व मध्य हिंदुस्थानातला मोनॅकॅन्था निवडुंग त्याने खाऊन साफ केला. ते पाहून 1836 ते 1838 या काळात त्याला मुद्दाम दक्षिणेत नेलं आणि पुढे 1860च्या दशकात श्रीलंकेला. एका देशातून दुसऱ्या देशात तण मारायला किडा पाठवण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात. पण एक गोष्ट कुणालाच कळेना. हाच किडा शेजारच्या दुसऱ्या फड्या निवडुंगाला तोंड लावत नव्हता. मोनॅकॅन्था गेला आणि डिलेनाय जागच्या जागी राहिला, उलट मोकळ्या झालेल्या जागेत फोफावला. ‘निवडुंग’ म्हणून माणूस ज्याला एक समजत होता, त्याचे दोन भाग किड्याने रेघ मारून दाखवले.

उत्तर सापडायला 1926 उजाडलं. त्या वर्षी डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा दुसरा कोचिनील किडा श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणला. त्याने डिलेनाय धरला, एलेटिअरही धरला आणि पाच-सहा वर्षांत हजारो हेक्टर रान मोकळं केलं. माळावरच्या फड्यांवर आज जे कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते याच कोचिनील किड्यांचे. आपल्याकडे त्याला बुरशी समजतात. काडीने एक पुंजका चिरडून पाहा, काडी रक्तासारखी लाल होते.

ऑस्ट्रेलियाला हा धडा महागात मिळाला. तिथे 1925च्या सुमाराला जवळपास अडीच कोटी हेक्टर जमीन निवडुंगाने व्यापली होती. आधी त्यांनी आपल्याकडचा सिलोनिकस नेला. त्याने तिथलाही मोनॅकॅन्थाच तेवढा खाल्ला, खऱ्या त्रासदायक स्ट्रिक्टा जातीकडे ढुंकून पाहिलं नाही. शेवटी अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग आणला आणि त्याच्या अळ्यांनी दहा वर्षांच्या आत मैदान मारलं. क्वीन्सलंडमध्ये बूनार्गा गावी त्या पतंगाच्या नावाने एक सभागृह आहे. या पतंगाची मादी अंडी घालते ती एकावर एक रचून, सत्तर-ऐंशी अंड्यांची एक बारीक काडी होते. ती फड्यावर अशी उभी असते की पाहणाऱ्याने तिला आणखी एक काटा म्हणून मोजावं. काटे मोजून जात ठरवू नये, याला हेही एक कारण धरायला हरकत नाही.

डॅक्टिलोपियस ओपन्शिएची निवड याहूनही बारीक असल्याचं दक्षिण आफ्रिकेत लक्षात आलं. तिथे या किड्याचा एक वाण फायकस-इंडिकावर पोसला जात होता, पण क्रूगर राष्ट्रीय उद्यानात माजलेल्या स्ट्रिक्टावर तो तग धरेना. 1997 साली ऑस्ट्रेलियातून त्याच जातीच्या किड्याचा दुसरा वाण आणला, तेव्हा स्ट्रिक्टा हटायला लागला. हा नवा वाण फायकस-इंडिकावर जगेना. दोन्ही किडे शेजारीशेजारी ठेवले तर सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळे ओळखू येत नाहीत, फरक कळतो तो फक्त कुणाच्या फड्यावर कोण जगतो यावरून. मग प्रयोगशाळेत या दोन वाणांचा आपसात संकर करून पाहिला. त्यांची पिल्लं दोन्ही निवडुंगांवर जगली.